पिवळा कागद, लाल कंदील

वर्तमानपत्राचा खप वाढवायचा तर काय करावं? आपल्याकडे महिनाभर कुपनं कापून चिकटवायला सांगतात आणि शेवटी प्लॅस्टिकचा डबा हातात ठेवतात. सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका संपादकाला असा डबा सुचला नाही. त्यानं साठ माणसांना सायकलवर बसवलं आणि अख्ख्या फ्रान्सला वळसा घालून या, असं सांगितलं. आज जिला आपण टूर द फ्रान्स म्हणतो, ती जगातली सर्वांत मोठी सायकल शर्यत अशी खपाच्या चिंतेतून जन्माला आली.

मी कविता लिहिणारा माणूस. खेळाच्या पानावर माझं तसं काही काम नाही. पण या शर्यतीच्या इतिहासात अब्दुल कादर नावाचा एक माणूस आहे आणि त्याचं नाव निघालं की लोक अजून हसतात. ते हसणं काही माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्यापर्यंत पोचायचं तर थोडं मागून यावं लागेल.

लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीची सुरुवात १८६९ सालची. ७ नोव्हेंबरला पॅरिसहून रुआं या गावापर्यंत १२३ किलोमीटरची शर्यत झाली. जेम्स मूर नावाच्या इंग्रजानं ती जिंकली आणि त्याला १० तास ४० मिनिटं लागली. म्हणजे ताशी साडेअकरा किलोमीटर. आपला दूधवालासुद्धा दोन किटल्या अडकवून याहून जोरात जातो. पण तेव्हा सायकलला चेन नव्हती, पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं असे, आणि रस्ते कसे होते ते विचारूच नका. पुढं हवेचा टायर आला आणि खेळ बदलला. १८९१ साली पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत पॅरिस अशी सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेराँ नावाच्या गड्यानं ती ७१ तास २२ मिनिटांत पुरी केली. तीन रात्री तो झोपला नाही. ही शर्यत भरवली होती एका वर्तमानपत्रानं आणि त्यामागचा माणूस होता प्येर झिफार. हे नाव लक्षात ठेवा.

हा झिफार पुढं 'ल वेलो' या क्रीडा दैनिकाचा सर्वेसर्वा झाला. 'ल वेलो' हिरव्या कागदावर छापलं जाई. त्याच सुमारास फ्रान्समध्ये द्रेफ्यूस प्रकरण पेटलेलं होतं. आल्फ्रेद द्रेफ्यूस हा सैन्यातला ज्यू कॅप्टन. जर्मनांना गुपितं विकल्याचा खोटा आरोप ठेवून १८९४ साली त्याला जन्मठेप दिली गेली. तो निर्दोष असल्याचा निकाल लागायला १९०६ साल उजाडलं. मधली बारा वर्षं देश दुभंगला होता. घरात भाऊ भावाशी बोलत नव्हता. झिफारनं द्रेफ्यूसची बाजू घेतली. त्याच्या पत्राला जाहिराती देणारे मोटार आणि सायकलचे मोठे कारखानदार, त्यांत काउंट द दिऑन हे मुख्य, ते विरुद्ध बाजूला. त्यांनी जाहिराती काढून घेतल्या आणि १९०० साली स्वतःचंच दैनिक काढलं. ते पुढं 'लोतो' या नावानं चाललं. हिरव्याला टक्कर द्यायची म्हणून हे छापलं पिवळ्या कागदावर. संपादक म्हणून आणलं आंरी देग्रांजला. हा स्वतः सायकलपटू. १८९३ साली त्यानं तासाभरात ३५.३२५ किलोमीटर कापून विक्रम केला होता.

एका निरपराध ज्यू माणसावरून सुरू झालेलं भांडण, त्यातून फुटलेलं एक वर्तमानपत्र, आणि त्या वर्तमानपत्रानं भरवलेली ही शर्यत. खेळाच्या इतिहासात हा भाग बहुधा एका ओळीत उरकतात. मला तो एका ओळीत उरकवत नाही.

पिवळं दैनिक काही चालेना. नोव्हेंबर १९०२ मध्ये जेवणाच्या टेबलावर झ्यो लफेव्र या तरुण वार्ताहरानं सुचवलं, की बंदिस्त धावपट्टीवर सहा-सहा दिवसांच्या शर्यती होतात, तशी आपण रस्त्यावर घेऊ, सगळ्या देशाला फेरी घालून. देग्रांजला आधी धीर होईना. पण १ जुलै १९०३ रोजी दुपारी सव्वातीनच्या सुमारास पॅरिसजवळच्या माँझेराँ गावी एका कॅफेसमोरून साठ जण निघाले. एकूण २,४२८ किलोमीटर, पण टप्पे फक्त सहा. पहिलाच टप्पा पॅरिस ते ल्याँ, ४६७ किलोमीटर. म्हणजे रात्रभर सायकल हाणायची. खांद्यावरून छातीवर आडव्यातिडव्या गुंडाळलेल्या रबरी ट्यूबा, हँडलला कंदील. गिअर बदलायचा तर उतरायचं, मागचं चाक काढायचं आणि उलटं बसवायचं, कारण चाकाच्या दोन बाजूंना दोन निराळ्या आकारांची दात्यांची चक्रं असत. पंक्चर आपलं आपण काढायचं. मदत घेतली की दंड.

जिंकला मोरिस गारँ. लहानपणी धुराडी साफ करणारं पोर होतं ते, इटलीच्या डोंगरातून फ्रान्समध्ये आलेलं. साठांपैकी एकवीस जण पॅरिसला परत पोचले. 'लोतो'चा खप पंचवीस हजारांवरून पासष्ट हजारांवर गेला असं सांगतात. पुढच्याच वर्षी हिरवं 'ल वेलो' बंद पडलं.

१९०४ ची दुसरी शर्यत म्हणजे निव्वळ तमाशा. गावोगावच्या लोकांनी आपला माणूस पुढं जावा म्हणून दुसऱ्यांना रात्रीच्या अंधारात गाठून बडवलं. सेंत-एतिएनजवळच्या घाटात गारँवर हल्ला झाला. कुणी आगगाडीत बसून आले, कुणी मोटारीला लोंबकळत. डिसेंबरात चौकशी होऊन पहिले चारही नंबर बाद झाले आणि पाचव्याला विजेता ठरवलं. आंरी कोर्ने त्याचं नाव, वय १९. इतका लहान विजेता त्यानंतर झालेला नाही.

आता डोंगर. १९१० साली शर्यत प्रथमच पिरेनीज पर्वतातल्या उंच खिंडींतून नेली. आपल्याकडच्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. तिथं तुर्माले नावाची खिंड २,११५ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्याही वर जवळजवळ पाचशे मीटर चढायची. आणि त्या काळी तिथं रस्ता म्हणजे गुराखी आणि ओढ्यांनी वाटून घेतलेली पायवाट. ३२६ किलोमीटरच्या त्या टप्प्यात ऑक्ताव्ह लापीझ सायकल ढकलत वर आला आणि आयोजकांना त्यानं तोंडावर खुनी म्हटलं. तरी टप्पा आणि पुढं शर्यतही त्यानंच जिंकली.

पण तुर्मालेवर माझा जीव जडला तो युजेन क्रिस्तोफमुळं. साल १९१३. हा गडी त्या दिवशी शर्यत जिंकण्याच्या बेतात होता. खिंड ओलांडून उतारावर लागला आणि त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. पंक्चर नव्हे, चेन नव्हे, चिमटा! तो मोडला की सायकल म्हणजे भंगार. दुसरी सायकल घ्यायची नाही, दुसऱ्याचा हात लावून घ्यायचा नाही, हा नियम. मग त्यानं सायकल खांद्यावर टाकली, पुढचं चाक हातात घेतलं आणि दहाएक किलोमीटरहून अधिक चालत डोंगर उतरला. खालच्या सेंत-मारी-द-कांपां गावात लोहाराचं दुकान होतं. लोहार म्हणाला असेल, दे इकडं, करून देतो. पण मागोमाग शर्यतीचे पंच येऊन उभे. त्यांच्या देखत क्रिस्तोफनं स्वतः भट्टी पेटवली, लोखंड तापवलं, ऐरणीवर ठोकलं, चिमटा घडवला. तरुणपणी तो कुलपं बनवण्याचं काम शिकलेला होता, ते कामी आलं. सगळं मिळून चारेक तास गेले. निघताना पंचांनी वहीत नोंद केली: भाता एका पोरानं ओढला. म्हणून दंड, दहा मिनिटं! तो पुढं कमी केला म्हणतात. पण चार तास हरलेल्या माणसाच्या माथी ती दहा मिनिटं मारणाऱ्या पंचांची मला फार गंमत वाटते. अशी माणसं प्रत्येक कचेरीत एखादी तरी असतेच.

त्यानंतर महायुद्ध आलं. शर्यतीचे तीन माजी विजेते, फाबेर, लापीझ आणि पेती-ब्रेतों, युद्धात गेले. १९१९ साली खड्डे पडलेल्या, तोफांनी उखडलेल्या रस्त्यांवरून शर्यत पुन्हा सुरू झाली आणि शेवटी जेमतेम दहा-अकरा जण पॅरिसला पोचले. त्या वर्षी आघाडीवरच्या गड्याला ओळखू यावा म्हणून पिवळा सदरा द्यायचं ठरलं. पिवळा का, तर 'लोतो'चा कागद पिवळा. तो सदरा पहिल्यांदा अंगावर चढला आपल्या क्रिस्तोफच्या. पाहणारे त्याला कॅनरी पक्षी म्हणून चिडवत. आणि शेवटून दुसऱ्या टप्प्यात, शर्यत खिशात असताना, त्याचा चिमटा पुन्हा मोडला. कादंबरीत कुणी असं लिहिलं तर आपण म्हणू, लेखकानं जरा अतीच केलं.

ही माणसं व्यावसायिक होती, म्हणजे पोटासाठी पायडल मारणारी, हे विसरता कामा नये. खाणीतली, गिरणीतली, शेतावरची पोरं. आपल्या नायकाचं काम करणाऱ्या, त्याला वाऱ्यापासून आडोसा देणाऱ्या, त्याच्यासाठी पाणी आणणाऱ्या सायकलपटूला आजही 'दोमेस्तिक' म्हणतात, म्हणजे घरगडी. हा शब्द देग्रांजनं १९११ साली मोरिस ब्रोको नावाच्या गड्याला शिवी म्हणून वापरला होता. शिवीची पुढं हुद्दा म्हणून बढती झाली.

१९२४ साली आल्बेर लोंद्र हा पत्रकार शर्यतीबरोबर फिरत होता. त्यापूर्वी वर्षभर आधीच तो फ्रान्सचं काळं पाणी, म्हणजे कायेनची कैद्यांची वसाहत, पाहून आला होता. आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिए आणि त्याचा भाऊ फ्रान्सिस यांनी कुतांस गावी शर्यत सोडली. कारण काय, तर पहाटे थंडीत दोन सदरे घालून निघालेला माणूस ऊन चढल्यावर एक टाकून देऊ शकत नाही, जेवढे कपडे घालून निघाला तेवढे घालूनच पोचला पाहिजे, असा नियम. पंचानं आंरीचा सदरा वर करून मोजून पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं. कॅफेत बसून त्यानं लोंद्रला आपली पिशवी उघडून दाखवली: डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, गोळ्यांच्या डब्या. पुढं १९६७ साली माँ व्हाँतूच्या चढावर टॉम सिम्पसन कोसळून मेला, २०१२ साली लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. उत्तेजकांची ही गोष्ट नवी नाही आणि ती पैलवानाच्या हावेतूनच सुरू झाली असंही नाही. चारशे किलोमीटरचे टप्पे आखणारे खुर्चीत बसून होते.

लफेव्रनं ज्या सहा दिवसांच्या शर्यतींचा दाखला दिला होता, त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. १८७८ साली लंडनच्या एका सभागृहात डेव्हिड स्टँटन यानं सहा दिवसांत हजार मैल सायकल चालवण्याची पैज मारली आणि जिंकली. सहाच दिवस का, तर सातवा रविवार, देवाचा. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हा प्रकार इतका वाढला, की माणसं दिवसरात्र झोपेशिवाय फिरत राहायची, त्यांना भास व्हायचे. अखेर १८९८ साली कायदा झाला की एका माणसानं दिवसात बारा तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही. मग आयोजकांनी दोघांची जोडी केली. एक झोपला की दुसरा फिरतो. या जोडीच्या शर्यतीला अजूनही 'मॅडिसन' म्हणतात.

माझ्या पिढीच्या लोकांना हे वाचताना काहीतरी आठवेल. आपल्या तालुक्याच्या गावी 'अखंड सायकल'वाला यायचा. शाळेच्या मैदानात बांबू रोवून रिंगण करायचे, कर्ण्यावर गाणी, आणि मध्ये एक काटकुळा माणूस सात दिवस, सात रात्री गोल गोल फिरत असायचा. सायकलवरच आंघोळ, सायकलवरच दाढी, सायकलवरच जेवण. बायका ओवाळायच्या, पुरुष त्याच्या सदऱ्याला टाचणीनं नोटा लावायचे. लंडनचा स्टँटन कुणाला ठाऊक नव्हता. पण पोटासाठी स्वतःला चाकाला बांधून घ्यायची ती रीत दोन्हीकडे एकच.

पॅरिसलाही सहा दिवसांच्या शर्यतींसाठी देग्रांजनं १९१० साली छप्पर असलेलं मैदान सुरू केलं होतं. हिवाळ्यातली सायकलशाळाच ती. लोक त्याला थोडक्यात 'वेल दीव' म्हणत. खाली श्रीमंत, वर कामगार, शॅम्पेन, बँड, गाणी. त्याच वेल दीवमध्ये १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी, नाझींच्या अमलात, फ्रान्सच्या पोलिसांनी ज्यू कुटुंबं आणून कोंडली. त्या दोन दिवसांत तेरा हजारांवर माणसं पकडली गेली. त्यांतली मुलाबाळांची कुटुंबं इथं ठेवली, मुलंच चार हजारांवर. काचेचं छप्पर ब्लॅकआऊटसाठी रंगवलेलं, हवा नाही, पाणी नाही, संडास जवळजवळ नाहीत. पाचेक दिवसांनी त्यांना छावण्यांकडे आणि तिथून आउशवित्झकडे पाठवलं. द्रेफ्यूसच्या भांडणातून निघालेल्या वर्तमानपत्राच्या संपादकानं बांधलेलं हे मैदान. युद्धानंतर तिथं पुन्हा सहा दिवसांच्या शर्यती भरल्या, लोक पुन्हा गाणी म्हणत आले. १९५९ साली ते पाडलं. राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी देशाची जबाबदारी जाहीरपणे कबूल केली ती १९९५ साली.

'लोतो' १९४४ साली बंद झालं. त्याच्या जागी १९४६ साली 'लेकीप' आलं, पण त्याला पिवळा कागद वापरू दिला नाही. १९४७ पासून शर्यत परत सुरू झाली. आणि आता आपण आलो १९५० सालाशी.

अब्दुल कादर झाफ. जन्म १९१७, अल्जीरियातला. अल्जीरिया तेव्हा वसाहतसुद्धा नव्हता, फ्रान्सच्या नकाशात तो फ्रान्सचेच जिल्हे म्हणून दाखवत. त्या जिल्ह्यांतल्या मुसलमानांना मात्र बरोबरीचे हक्क नव्हते. १९४५ च्या मे महिन्यात, युरोपात शांततेच्या घंटा वाजत असताना, सेतिफ भागात निदर्शनांनंतर हजारो माणसं मारली गेली होती. स्वातंत्र्य मिळायला १९६२ उजाडलं. तर १९५० साली टूर द फ्रान्समध्ये देशांचे आणि प्रांतांचे संघ उतरत, आणि त्यांत उत्तर आफ्रिकेचा सहा जणांचा एक संघ होता. झाफ ३३ वर्षांचा, धिप्पाड, चढावर मागं पडणारा आणि सपाटीवर बैलासारखा ओढणारा.

त्या वर्षी शर्यतीत गडबड झालीच होती. पिरेनीजमध्ये प्रेक्षकांनी इटलीच्या जिनो बार्तालीला धक्काबुक्की केली, म्हणून इटलीचे सगळे खेळाडू निघून गेले. पिवळा सदरा ज्याच्या अंगावर होता तो मान्यीसुद्धा गेला. उरलेल्यांना दक्षिणेच्या उन्हानं भाजून काढलं होतं. इतकं, की दोन-तीन दिवसांनी भूमध्य समुद्र दिसताच अर्धे सायकलपटू सायकली टाकून कपड्यांसकट पाण्यात शिरले आणि आयोजकांनी त्यांना दंड केला.

२७ जुलै. पेर्पिन्यां ते नीम हा टप्पा, दोनशेहून अधिक किलोमीटर. (या नीमचा आणि आपल्या कडुनिंबाचा संबंध नाही, तिथं सावलीला चिनार जातीची झाडं.) बडी मंडळी उन्हामुळं हळूहळू चालली होती. झाफ आणि त्याच्याच संघातला मार्सेल मोलिनेस या दोघांनी सुरुवातीलाच पळ काढला. बघता बघता आघाडी पंधरा मिनिटांच्या वर गेली. टूरच्या इतिहासात आफ्रिकेच्या खेळाडूनं तोवर एकही टप्पा जिंकलेला नव्हता, आणि आज आफ्रिकेचेच दोघं पुढं, मागं रस्ता रिकामा.

नीम थोडं राहिलेलं असताना झाफ डुलायला लागला. रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला. मग पडला. लोकांनी त्याला उचलून झाडाखाली ठेवलं. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे. थोड्या वेळानं त्याला शुद्ध आली, तो सायकलवर बसला आणि, असं सांगतात, आला होता त्याच दिशेला उलटा निघाला. पुढं पुन्हा कोसळला आणि ॲम्ब्युलन्समधून नेला गेला. मोलिनेसनं टप्पा जिंकला.

आणि दुसऱ्या दिवसापासून गोष्ट सुरू झाली. मुसलमान गडी, कधी दारूला न शिवलेला, तहानेनं व्याकुळ होऊन द्राक्षमळेवाल्यांची वाइन ढोसतो काय, झिंगतो काय आणि उलट्या दिशेनं शर्यत धावतो काय! झाडाला टेकून पडलेल्या झाफचा फोटोही होता. हसायला याहून जास्त काय लागतं? टूरच्या गमतीजमतींच्या कुठल्याही संग्रहात ही गोष्ट असतेच.

दुसरी हकिकतही तितकीच जुनी आहे. ती अशी, की त्याला शुद्धीवर आणणाऱ्या शेतकऱ्यांजवळ पाणी नव्हतं, वाइन होती. तीच त्यांनी त्याच्या तोंडावर, अंगावर ओतली. जवळ आलेल्या प्रत्येकाला वास आला आणि वासावरून निकाल लागला. त्या काळात सायकलपटूंच्या खिशात असणाऱ्या उत्तेजक गोळ्या आणि ते ऊन यांचा मिळून काय परिणाम होतो, हे डॉक्टरांना समजत होतं. सिम्पसनच्या मरणानं पुढं ते जगालाही समजलं. रस्त्यावर डुलणं, भ्रम होणं, दिशा न कळणं, ही सगळी उष्माघाताची लक्षणं आपल्याकडच्या कुठल्याही ऊसतोड कामगाराला विचारा, तो सांगेल. सिम्पसन कोसळला तर ती शोकांतिका झाली. झाफ कोसळला तर तो विनोद झाला. मला विचाराल तर दोघांच्या अंगातलं पाणी सारखंच आटलं होतं.

मी यावर इतका अडून का बसतो? आमच्या उर्दू शायरीत रियाज खैराबादी नावाचे थोर शायर होऊन गेले. सारी उमर त्यांनी शराबवर शेर लिहिले आणि थेंबाला कधी शिवले नाहीत. लोकांना हे सांगितलं की ते मान डोलावतात आणि डोळा मिचकावतात. कविसंमेलनानंतर मलाही कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, खरं सांगा, तुम्ही घेता ना? त्यात द्वेष नसतो, हे मला कळतं. फक्त समोरच्यानं आपलं उत्तर आधीच ठरवलेलं असतं, आणि ते त्याला इतकं आवडलेलं असतं की माझं उत्तर त्याला नको असतं.

मोलिनेस हा अल्जीरियात वाढलेला, पण युरोपीय वंशाचा. दुसऱ्या दिवशी नीम ते तुलों हा टप्पाही त्याच संघातल्या कुस्तोदिओ दुश रैश यानं जिंकला. लागोपाठ दोन दिवस, दोन टप्पे, सहा जणांच्या एका दुर्लक्षित संघानं! ही खरी बातमी. ती आज सायकलवेड्यांनासुद्धा पुस्तक उघडून शोधावी लागते. झाडाखालचा माणूस मात्र सगळ्यांना पाठ आहे.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाफ सुटण्याच्या जागी हजर झाला होता. त्याचं म्हणणं असं, की मी काल जिथं पडलो तिथून राहिलेलं अंतर आधी चालवून येतो आणि मग तुमच्याबरोबर निघतो. नियमात बसत नव्हतं. त्याला घरी पाठवलं.

शर्यत संपली की फ्रान्स आणि बेल्जियमच्या गावोगावी छोट्या वर्तुळाकार शर्यती होतात. जत्रेतल्या कुस्त्या समजा. नावाजलेल्या गड्यांना नुसतं येण्याचे पैसे मिळतात, आणि व्यावसायिक सायकलपटूचं घर तेव्हा बरंचसं त्यावरच चालत असे. त्या हंगामात झाफला बोलावण्यांवर बोलावणी आली. तो गेला. त्याच्या जागी कुणीही गेला असता. सायकलचे टायर फुकट मिळत नव्हते आणि अल्जीरियात त्याचं वय कुणी थांबवून धरलेलं नव्हतं.

१९५१ साली तो पुन्हा टूरमध्ये उतरला. आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागं लाल दिवा असतो ना, त्यावरून टूरमध्ये शेवट येणाऱ्याला 'लाल कंदील' म्हणतात. त्या वर्षी १२३ जण निघाले होते. ह्यूगो कोब्ले जिंकला. आल्प्स आणि पिरेनीज दोन्ही ओलांडून, चार हजार सहाशेहून अधिक किलोमीटर सायकल हाणून, ६६ जण पॅरिसच्या मैदानात आले. सहासष्टावा अब्दुल कादर झाफ होता, कोब्लेच्या जवळजवळ पाच तास मागं. १९५२ साली तो आणखी एकदा उतरला. १९८६ साली तो वारला.

१ जुलै २०२४ रोजी टूरचा तिसरा टप्पा इटलीतल्या तुरीनला संपला. एरिट्रियाच्या अस्मारा शहरातला बिनियाम गिरमाय त्या दिवशी सगळ्यांच्या पुढं आला. टूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी. त्याच्या देशात सायकल आणली ती इटालियन राज्यकर्त्यांनी. त्यानं त्या वर्षी तीन टप्पे जिंकले आणि वेगवान गड्याला मिळणारा हिरवा सदराही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्याचा फोटो दोन्ही हात वर केलेला होता.